नाशिकच्या आदिवासी पाड्यांवरील प्रजनन आरोग्य : पार्श्वभूमी

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर आणि कातकरी कुटुंबांच्या प्रजननविषयक वर्तनाची चर्चा निघाली की ‘अज्ञान’ हे कारण फार लवकर पुढे केले जाते. सरकारी आरोग्ययंत्रणा या पाड्यांवर कोणत्या क्रमाने आणि काय घेऊन पोहोचली, हे पाहिल्याशिवाय मात्र त्या वर्तनाचा उलगडा होत नाही.

देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. पुढे आदिवासी व डोंगराळ भागासाठी २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष ठरला खरा, पण घाटमाथ्यावरच्या विखुरलेल्या पाड्यांना लोकसंख्येपेक्षा अंतर आणि पावसाळ्यात बंद पडणारी वाट यांचीच अडचण अधिक होती. त्यामुळे बाळंतपण सुईणीच्या हातीच राहिले. याच काळात कार्यक्रमाला नसबंदी शस्त्रक्रियांच्या ठरावीक आकड्यांच्या उद्दिष्टांची जोड मिळाली. १९७६ मध्ये तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही, इतकेच. १९७७ नंतर ‘कुटुंब कल्याण’ हे नाव आले, तरी उद्दिष्टे १९९६ पर्यंत टिकली. तोवर नर्सबाईंचे काम ‘केस’, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी तयार केलेली माणसे, किती आणल्या यावरच जोखले जाई. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणे आणि मग बाईचीच शस्त्रक्रिया ही घडी याच व्यवस्थेत पक्की झाली. दोन मुलांत अंतर राखण्याच्या साधनांविषयी निवांत बोलणे आणि पुरुषाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी मागे पडल्या.

१९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले आणि १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी आरोग्य व पोषणाच्या योजना एकत्रितपणे राबवणारी नवसंजीवनी योजना आली. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्ती यांच्यामुळे दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, तर २०१५ मध्ये अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. मूल पोटात फार वाढले तर बाळंतपण जड जाईल या भीतीने बेताचेच खाण्याची रीत जिथे होती, तिथे हे जेवण कोणत्याही भिंतीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी म्हणावे लागेल.

मात्र या साऱ्या योजना बाई गावातच राहते असे गृहीत धरतात. भात आणि नागलीची कापणी उरकली की पेठ-सुरगाण्यातील जोडपी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला निघतात. पाचव्या महिन्यातील बाई डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षघड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या, कामावर असते, तेव्हा तिचे नाव पाड्यावरच्या आशाताईच्या नोंदवहीत असते, आहार तिथल्या अंगणवाडीत शिजतो आणि लोहाच्या गोळ्याही तिथल्याच उपकेंद्रात येतात. बागेजवळच्या केंद्रात तपासणीला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. शिवाय आधीच्या तपासण्यांची नोंद असलेले कार्ड सोबत नसले, तर तिथे सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.