बुद्धी वाढवायच्या गोळ्या, ब्रेन गेम आणि आपलं बी१२

१९८० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कॉलेजच्या पोराबद्दल पेपर छापला, त्यात त्याचं नाव फक्त एस.एफ. एवढंच आहे. बुद्धी चारचौघांसारखी, स्मरणशक्तीही तशीच, म्हणजे आकडे वाचून दाखवले की सातेक आकडे लक्षात राहायचे. त्याला लॅबमध्ये बसवून सेकंदाला एक असे आकडे वाचून दाखवायचे, बरोबर सांगितले की पुढच्या वेळी एक आकडा वाढवायचा, बस. असं दीड वर्षाच्या वर चाललं, २३० तासांहून जास्त सराव झाला आणि शेवटी हा गडी एका दमात ७९ आकडे म्हणायला लागला!

हे जमलं कसं? तो पळणारा होता, शर्यतींच्या वेळा तोंडपाठ. ३४९२ ऐकलं की त्याच्यासाठी ते ३ मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे मैलाच्या शर्यतीच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाजवळची वेळ, आणि ८९३ मध्ये शर्यत बसेना तर ८९.३ वर्षांचा म्हातारा. सुटे आकडे गायब, त्यांच्या जागी ओळखीच्या गोष्टी. मग संशोधकांनी त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली आणि एस.एफ. परत सहा अक्षरांवर आला. म्हणजे एवढ्या सरावातून स्मरणशक्ती वाढलीच नव्हती, आकडे लक्षात ठेवायची एक जबरदस्त युक्ती तेवढी तयार झाली होती.

मला वाटतं मुलासाठी ब्रेन ट्रेनिंगचं पॅकेज घ्यायच्या आधी प्रत्येक आईबापाने हा प्रयोग एकदा समजून घ्यावा, कारण नंतरच्या मोठ्या प्रयोगांतही बरंचसं हेच निघालं. २०१० मध्ये छापलेल्या एका प्रयोगात बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांनी सहा आठवडे ऑनलाइन ब्रेन गेम खेळले, त्या त्या गेममध्ये सगळे सुधारले पण त्याच्याशी मिळतीजुळती दुसरी टेस्ट दिली तर तिथे सुधारणा जवळपास शून्य. लुमॉसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला तर २०१६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून अमेरिकी सरकारच्या यंत्रणेला २० लाख डॉलर द्यावे लागले.

आता कुणी म्हणेल, पण ड्युअल एन-बॅक या ब्रेन गेमने बुद्ध्यांक वाढतो असं वाचलंय. बरोबर, २००८ मध्ये तसा पेपर आला होता आणि खूप गाजला. या गेममध्ये स्क्रीनवर चौकोन जागा बदलत असतो, त्याच वेळी कानात अक्षरं येत असतात आणि दोन किंवा तीन पावलांपूर्वी हेच होतं का ते तुम्ही सांगायचं, डोक्याचा पार भुगा होतो. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी घेतलेल्या गटाला काहीच करायला दिलं नव्हतं. २०१३ मध्ये दुसऱ्या टीमने तुलनेच्या एका गटाला वेगळंच ट्रेनिंग देऊन प्रयोग केला तेव्हा फायदा दिसेना.

आणि नुसत्या अपेक्षेने किती फरक पडतो बघा. २०१६ मध्ये अमेरिकेतच संशोधकांनी दोन पोस्टर लावली, एकावर लिहिलं ब्रेन ट्रेनिंगने बुद्धी वाढते, दुसऱ्यावर साधं, अभ्यासात भाग घ्या आणि क्रेडिट मिळवा. दोन्हीकडून आलेल्यांना एकच ट्रेनिंग दिलं, तेही फक्त तासभर. पहिल्या पोस्टरवरून आलेल्यांचा बुद्ध्यांक ५ ते १० पॉइंटने वाढला, दुसऱ्यांचा नाही. त्यामुळे "माझ्या मुलाला फरक पडला" हे आई मनापासून सांगत असते, खोटं बोलत नसते, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही.

गोळ्यांकडे वळू. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्कावर अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ लोकांवर काही वर्षं प्रयोग झाला, डिमेन्शिया (म्हातारपणी स्मरणशक्ती आणि समज ढासळण्याचा आजार) काही कमी झाला नाही, विषय संपला. आपल्या ब्राह्मीचं मात्र थोडं बरं आहे. ३०० मिलिग्रॅम अर्क रोज १२ आठवडे, अशा छोट्या चाचण्यांत काहींना नवीन शिकलेलं जरा कमी विसरायला झालं, काहींत प्रतिक्रियेचा वेग सुधारला. फरक छोटा आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काही उपयोग नाही, वर काहींचं पोट बिघडतं. अजून एक, या चाचण्या बकोपा म्हणजे नीरब्राह्मीवरच्या आहेत, आपल्याकडे बऱ्याचदा ब्राह्मी म्हणून जी गोल पानांची मंडूकपर्णी मिळते तिच्यावरच्या नाहीत.

खरा मोठा मुद्दा माझ्या मते वेगळाच आहे आणि तो पुण्यातून आलाय. तिथल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात पुणे शहर, झोपडपट्टी आणि आसपासची गावं मिळून मध्यमवयीन ४४१ पुरुष तपासले, धडधाकट माणसं, आणि त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं! हे व्हिटॅमिन झाडपाल्यात नसतंच, ते येतं दूध-दही, अंडी, मासे, मटण यातून. नसांवरचं मायलिनचं आवरण टिकवायला ते लागतं आणि कमी पडलं की थकवा, पायाला मुंग्या, विसरायला होणं हे सगळं हळूहळू सुरू होतं, माणूस म्हणतो वय झालं. याच पुण्याच्या कामात पुढे असंही दिसलं की ज्या आयांचं गरोदरपणात बी१२ कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि आकडे उलटे म्हणायच्या टेस्टमध्ये जरा मागे होती.

म्हणून काय सगळ्यांनी उठून बी१२ घ्यायचं का, तर नाही. ११ चाचण्यांतल्या साधारण २२,००० लोकांचा डेटा २०१४ मध्ये एकत्र करून बघितला, त्यात सरसकट सगळ्यांना बी व्हिटॅमिन देऊन स्मरणशक्तीला काही फायदा दिसला नाही. ज्याचं कमी आहे त्याचं भरून काढणं आणि ज्याचं पुरेसं आहे त्याला अजून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बुद्धी वाढवायच्या गोळ्या-पावडरच्या जाहिराती नेमकं हेच झाकतात याचा मला मनापासून राग येतो.

घरात कुणी शुद्ध शाकाहारी असेल आणि दूधही फार घेत नसेल, किंवा डायबेटिससाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल (त्याने बी१२ शोषलं जाणं कमी होतं) तर डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करून घ्या. गरोदर बाई असेल तर आवर्जून विचारा. आणि आपल्या मनाने नुसती फॉलिक ॲसिडची गोळी चालू ठेवू नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं पण बी१२ची कमी तशीच राहते, नसांचं नुकसान आतल्या आत चालू असतं आणि ते फार दिवस राहिलं तर नंतर इंजेक्शनं घेऊनही पूर्ण भरून येईलच असं नाही.