नोत्र-दामच्या दारात तिकीटखिडकी का नाही?

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत, आणि देव मानता का, हेही दारात कुणी विचारत नाही. चर्चचं मन मोठं, असं वाटतं. पण ही सोय कायद्यात बसवली ती चर्चशी उभा दावा असलेल्या राजकारण्यांनी.

११६३ च्या सुमारास, मोरिस द स्युली हा बिशप असताना, बांधकाम सुरू झालं. पुढची सहाशे वर्षं वास्तू चर्चची होती. २ नोव्हेंबर १७८९ ला फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या संसदेने चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या नावावर केली. १७९३ मध्ये दर्शनी भिंतीवरच्या २८ दगडी राजांची मुंडकी उडवली गेली. ते होते बायबलमधले यहूदाचे राजे; लोकांनी त्यांना फ्रान्सचे समजून शिक्षा दिली! त्यांतली २१ मुंडकी १९७७ मध्ये पॅरिसमधल्याच एका बँकेच्या इमारतीत काम चालू असताना जमिनीखाली सापडली. आता ती क्लुनी संग्रहालयात आहेत. बहुतेकांची नाकं फुटलेली, पण जवळ जाऊन पाहिलं तर गालांवर गुलाबी, ओठांवर लाल रंगाचे अंश अजून दिसतात. आपण ज्या दगडी साधेपणाचं कौतुक करतो, तो मध्ययुगात तसा नव्हताच. नोत्र-दामला जाणाऱ्याने आधी ही मुंडकी बघावीत असं मला वाटतं.

मुंडकी उडवली त्याच वर्षी, १७९३ मध्ये, १० नोव्हेंबरला आत ख्रिस्ती प्रार्थनेऐवजी विवेकदेवतेचा उत्सव झाला. पुढे तर वास्तूचं गोदाम केलं. नेपोलियनने पोपशी करार केल्यावर १८०२ मध्ये तिथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली, पण मालकी सरकारचीच राहिली.

खरा निकाल लागला तो ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने. त्याने धर्म आणि राज्य वेगळे केले. कॅथेड्रल सरकारची, वापर मात्र कॅथलिकांना विनामूल्य, अशी आजची व्यवस्था त्यातूनच आली. कलम १७ सांगतं की, ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या अशा वास्तू सर्वांना पाहता येतील आणि त्यासाठी कर वा शुल्क घेता येणार नाही. म्हणजे नास्तिक प्रवासी इथे कुणाच्या मेहेरबानीने येत नाही. अर्थात आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर गप्प राहायचं आणि पुरुषांनी टोपी काढायची, एवढं पथ्य पाळावंच.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर जळालं आणि मनोरा कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये दारं पुन्हा उघडली. त्याच्या दीडेक महिना आधी सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत, त्यातून देशातली जुनी चर्चं दुरुस्त करता येतील, असं सुचवलं. नकार दिला तो चर्चनेच, म्हणजे पॅरिसच्या धर्मप्रांताने: दार सर्वांना मोफतच हवं. बुरुजांवर चढायचं असेल तर मात्र तिकीट काढावं लागतं. ते सरकारी संस्थेचं.