उशाशी इलेक्ट्रॉनिक तिजोरी आहे, मग मुलांची काळजी नाही?

"उशाशी इलेक्ट्रॉनिक तिजोरी ठेवली की पिस्तूल मुलांच्या हाती लागत नाही," हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तिजोरी हवीच, पण कुठलीही चालत नाही.

बऱ्याच स्वस्त तिजोऱ्यांत दाराचा बोल्ट (आतली कडी) अडवून धरते ती सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाची छोटीशी पिन, आणि ती असते हलक्या स्प्रिंगवर. जोरात धक्का बसला की पिन क्षणभर मागे सरते. नेमका तेव्हाच नॉब फिरवला तर दार उघडतं. कोड लागतच नाही. हे घरी तपासता येतं. तिजोरी रिकामी करून बंद करा, वरून बुक्की मारतानाच नॉब फिरवा. मग आडवी, उलटी करून पुन्हा. एकदा जरी उघडली तरी तिजोरी दुकानात परत करा. मोटरने सरकणारा बोल्ट अशा धक्क्याला सहसा दाद देत नाही.

आणीबाणीची किल्ली बहुधा शेजारच्याच खणात सापडते! ती तिथून हलवा, कंपनीचा मूळ कोड बदला. तिजोरी आतून बोल्टने जमिनीला किंवा जड फर्निचरला कसा, नाहीतर ती अख्खी उचलली जाते. ओलं बोट ठसा-यंत्राला वाचता येईलच असं नाही, म्हणून सोबत बटणंही असलेली घ्या.