डॉल्बी हॉलमध्ये मावत नाही

कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच डोळ्यांपुढे येते. रे डॉल्बी यांनी मात्र १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! हे मामांना सांगितलं, तर म्हणाले, "असू दे. आवाज छातीत बसला पायजे."

राजारामपुरीतल्या त्यांच्या हॉलसाठी सिनेमा बघायला ५.१ साउंड सिस्टीम घ्यायची होती. पाच स्पीकर, आणि खर्जातला आवाज म्हणजे बेस काढणारा एक डबा, सबवूफर. मामांच्या हातातल्या कोटेशनवर वॅटच्या आकड्यांना लाल पेनानं गोल केलेला. वॅट म्हणजे स्पीकर किती वीज पचवतो ते. आवाज किती निघेल ते सेन्सिटिव्हिटी सांगते : एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ८७ डेसिबलवाल्याला ९० वाल्याइतकं वाजायला दुप्पट वॅट लागतात. आणि घरच्या हॉलमध्ये एकदोन वॅटमध्येच मामी स्वयंपाकघरातून ओरडतील इतका आवाज होतो.

"मधला बारका चालतोय की," असं मामांचं मत. माझं नेमकं उलटं. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधूनच येतात. तो डाव्या-उजव्यांच्याच जातीचा हवा. नाहीतर बोलत बोलत पडद्याच्या कडेकडून मध्ये आलेल्या माणसाला अचानक सर्दी झाल्यासारखी वाटते. काटकसर करायचीच तर मागच्या दोघांत करा. ते कानांच्या जरा वर, बाजूला किंचित मागे असले की पुरे.

सबवूफरची गंमत वेगळी. खर्जातल्या, ८० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, आणि आपल्या दोन कानांत वीतभर अंतर. एवढ्या लांब लहरीची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे डबा कोपऱ्यात दडवला तरी चालतो. पण खोली आडवी येते. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत ४७ हर्ट्झची लहर अडकून राहते : भिंतींजवळ घुमते, मधोमध जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याच हॉलमध्ये एकाला बेस छातीत बसतो, दुसऱ्याला 'बिघडलाय काय?' असं वाटतं.

यावर उपाय विचित्र आहे, पण चालतो. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जातलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत कान द्यायचा. जिथं बेस एकसारखा, स्वच्छ ऐकू येईल, तिथं मग डबा ठेवायचा. ध्वनीचा रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, म्हणून ही उलटापालट जमते.

मामा गुडघे टेकून टीव्हीखालून निघाले, शोकेसपाशी थांबले (काच थरथरत होती), पुढं सरकले.

"अहो, काय हरवलं?" मामी दारात.

"बेस," मामा म्हणाले.

तो सापडला दाराशेजारी, नेमका मामींच्या चपलांच्या रॅकच्या जागी. रॅक अजून तिथंच आहे.