दृष्टी पुनर्वसन प्रशिक्षकाची पात्रता: घरी बोलावण्याआधी काय तपासावे

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘उपचाराने आता यापेक्षा जास्त नजर येणार नाही’ असे सांगितले की घरात पुढचा प्रश्न उभा राहतो. आहे तेवढ्या नजरेत, किंवा नजर अजिबात नसताना, स्वयंपाक, गोळ्या-औषधे, पैसे, मोबाईल, वाचन आणि येणे-जाणे कसे चालवायचे? हे शिकवतो तो दृष्टी पुनर्वसन प्रशिक्षक. कोल्हापूर शहरात आणि कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज भागात आम्ही घरी येऊन हे प्रशिक्षण देतो. प्रशिक्षक आमच्याकडचा असो की दुसरीकडचा, त्याचे कागद आणि त्याचे काम कसे पारखायचे यासाठी हे पत्रक आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ‘डोळ्यांचे व्यायाम करून चष्मा घालवतो’ म्हणणाऱ्यांचा या कामाशी संबंध नाही. दोन डोळ्यांचा ताळमेळ सुधारण्यासाठी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा-भिंग ठरवणारे) जे व्यायाम करून घेतात, तेही वेगळे. पुनर्वसन प्रशिक्षक नंबर काढत नाही, थेंब बदलत नाही, निदान करत नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत आणून देतो असे कोणी म्हणाले तर त्याला पैसे देऊ नका.

भारतात कोणता कागद चालतो

आपल्याकडे पुनर्वसन क्षेत्रातल्या पात्रता भारतीय पुनर्वसन परिषद कायदा, १९९२ खाली येतात. परिषदेला सगळे ‘आरसीआय’ म्हणतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची नावे ती केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत घेते आणि प्रत्येकाला सीआरआर क्रमांक देते. या नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करायला कलम १३ मध्ये मनाई आहे. तसे केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते, पण नियम लागू आहे आणि ग्राहक म्हणून तो तुमच्या बाजूचा आहे.

आता यातली खोच. आरसीआयच्या यादीत ‘दृष्टी पुनर्वसन थेरपिस्ट’ असा स्वतंत्र वर्ग नाही. जवळचे वर्ग आहेत ते विशेष शिक्षक (दृष्टिदोष), ओरिएंटेशन अँड मोबिलिटी (दिशाज्ञान आणि काठीने चालणे) तज्ज्ञ आणि समुदायाधारित पुनर्वसन व्यावसायिक. म्हणून कोणाच्या कार्डावर ‘आरसीआय मान्यताप्राप्त व्हिजन थेरपिस्ट’ असे छापलेले असेल, तर नोंदणी नेमक्या कोणत्या वर्गात आणि कोणत्या पात्रतेवर झाली ते विचारा. डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण केलेल्या माणसाची पात्रता खरी असूनही ती कर्णबधिरांच्या शिक्षणातली असू शकते. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचा विषय लिहिलेला असतो, तेवढी ओळ वाचा.

दुसरी गल्लत संस्थेच्या नावावर होते. आरसीआय मान्यता संस्थेच्या ठरावीक अभ्यासक्रमाला मिळते. त्याच इमारतीत चालणाऱ्या आठवड्याभराच्या कार्यशाळेला ती आपोआप लागू होत नाही. कार्यशाळेचे प्रमाणपत्र निरुपयोगी नाही, मात्र नोंदणीची जागा ते घेऊ शकत नाही.

नोंदणी कायमची नसते, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात चालू शिक्षणाचे कार्यक्रम करावे लागतात. म्हणून तीन गोष्टी एकत्र पाहा: सीआरआर क्रमांक, मुदत कधी संपते, आणि नाव आधार कार्डाशी जुळते का. क्रमांक आरसीआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या प्रशिक्षकाकडे हे मागायला संकोच करू नका. पहिल्या भेटीला तो मूळ प्रमाणपत्र घेऊनच येतो.

ऑप्टोमेट्रिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याखाली येतात, आरसीआयकडे नाही. अल्पदृष्टीची तपासणी आणि भिंगाची शक्ती ठरवणे हे ऑप्टोमेट्रिस्टचे काम. ते भिंग हातात धरून रोजचे वाचन कसे करायचे, हे शिकवणे आमचे.

‘सीव्हीआरटी’, ‘सीओएमएस’ म्हणजे काय

काहींच्या नावापुढे ही अक्षरे दिसतात. अमेरिकेत टूसॉनमध्ये एसीव्हीआरईपी नावाची संस्था २००० सालापासून या व्यवसायातली प्रमाणपत्रे देते. सीव्हीआरटी हे दृष्टी पुनर्वसन थेरपिस्टचे, सीओएमएस हे काठीने चालणे आणि दिशाज्ञान शिकवणाऱ्याचे, सीएलव्हीटी हे उरलेल्या नजरेचा वापर शिकवणाऱ्याचे. संगणक व मोबाईलसारखी सहायक साधने शिकवणाऱ्यांसाठी सीएटीआयएस हे चौथे.

सीव्हीआरटीसाठी पदवीस्तराचे शिक्षण, प्रमाणित व्यक्तीच्या देखरेखीखाली ३५० तासांचे प्रत्यक्ष काम, लेखी परीक्षा आणि आचारसंहितेवर सही लागते. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, नंतर नूतनीकरण. या सगळ्यात आम्हाला मोलाचे वाटतात ते देखरेखीखालचे तास. ब्रेलचे सहा टिंब पुस्तकातून शिकता येतात. पण डोळे झाकलेल्या माणसाच्या हाताजवळ उकळते तेल असताना आपण कुठे उभे राहायचे आणि कोणत्या क्षणी हात धरायचा, हे कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवल्याशिवाय येत नाही. म्हणून भारतीय पात्रतेच्या प्रशिक्षकालाही हाच प्रश्न विचारा: तुमचे प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली झाले, आणि त्यात प्रौढ माणसे किती होती? विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण बहुतेक शाळकरी मुलांवर झालेले असते. साठीनंतर मधुमेहाने नजर गेलेल्या आजींना शिकवणे वेगळे, कारण बोटांची जाणीवही कमी झालेली असते आणि ब्रेल वाचणे त्यांना जड जाते.

अमेरिकन प्रमाणपत्र हा चांगल्या तयारीचा पुरावा आहे, मात्र भारतातल्या नोंदणीची जागा ते घेत नाही. केवळ त्याच्यावर कोणी जादा शुल्क मागत असेल तर सीआरआर क्रमांकही मागा.

कामात पारख कशी करायची

कागद ठीक असला तरी शिकवणे कच्चे असू शकते. पहिल्या दोन भेटींतच बरेच कळते.

वाटाड्या होऊन चालवताना पाहा. प्रशिक्षकाने दृष्टिबाधित व्यक्तीचा दंड धरून पुढे ढकलले तर तो शिकलेला नाही. बरोबर पद्धत अशी की त्या व्यक्तीने प्रशिक्षकाचा हात कोपराच्या जरा वर धरायचा आणि अर्धे पाऊल मागे राहायचे. पायरीच्या कडेला थांबून ‘चढती’ की ‘उतरती’ ते सांगायचे. हे घरच्यांनाही पहिल्याच दिवशी शिकवले गेले पाहिजे, कारण देवळात, दवाखान्यात आणि लग्नाला नेणारे तुम्हीच आहात.

काठीची लांबी मापून ठरते. साधारणपणे ती उभ्या माणसाच्या छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी. ढांगा मोठ्या असतील किंवा थांबायला वेळ लागत असेल तर थोडी जास्त. आखूड काठीने अडथळा एक पाऊल उशिरा कळतो, मग माणूस वाकून चालू लागतो आणि कंबर धरते. काठीचे टोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद कमान करते आणि डावे पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे असते. रस्त्यावरचे प्रशिक्षण मोबिलिटीची पात्रता असलेल्यानेच द्यावे. केवळ घरातल्या कौशल्यांची तयारी असलेल्या प्रशिक्षकाने चौक ओलांडायला शिकवू नये. आमच्याकडे हे दोन वेगळे प्रशिक्षक करतात.

कोल्हापुरात शिकवायला सोयीचे आणि गैरसोयीचे असे दोन्ही आहे. राजारामपुरीच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, मुख्य रस्त्यावरून गल्ल्या मोजत जाता येते, म्हणून बाहेरच्या सरावाला तो भाग उत्तम. महाद्वार रोडवर फूटपाथ विक्रेत्यांनी व्यापलेला असतो आणि भिंतीची कड हाताशी राहत नाही. तिथे सुरुवात करणाऱ्या प्रशिक्षकाला कारण विचारा. गणपतीत मांडव पडले की ओळखीच्या खुणा नाहीशा होतात, तेव्हा शिकलेला मार्ग पुन्हा चालून पाहावा लागतो. पावसाळ्यात पाण्याच्या आवाजाने गाड्यांचा अंदाज चुकतो. रेनकोटची टोपी कानावर येता कामा नये. काठी एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, आणि डबक्यात टोक नीट टेकवून खोली पाहिल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

स्वयंपाकघरात भांडे आधी बर्नरवर नीट मध्ये बसवायचे आणि मग गॅस पेटवायचा, हा क्रम उलटा शिकवला जात असेल तर तो धोका आहे. भांडे मध्ये आहे का हे लांब लाकडी उलथन्याने तपासतात, बोटांनी नाही. कपातले गार पाणी बोट कडेवर ठेवून भरता येते. चहा तसा कधीच ओतायचा नाही. त्यासाठी कपाच्या काठावर अडकवायचा, पातळी आली की वाजणारा इंडिकेटर मिळतो. फोडणीत तेल गार कढईत मोजून घालायचे, दोन-तीन मोहऱ्या टाकायच्या, त्या तडतडल्या की बाकीच्या. शेगडीच्या बटणावर ‘बंद’ आणि ‘मंद’ एवढ्या दोनच खुणा करा. उत्साहाने पाच-सहा खुणा केल्या की बोटाला कोणतीच ओळखता येत नाही. नेलपॉलिशचे ठिपके तेलकटपणाने महिन्याभरात जातात; एम-सीलचा छोटा टिपका टिकतो.

पैशांसाठी नोटांची लांबी हा भरवशाचा आधार. नव्या मालिकेत १०० ची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर लांब आहे, रुंदी तिन्हींची ६६. कडेच्या उठावदार तिरक्या रेषा १०० वर चार, २०० वर चार आणि मध्ये दोन वर्तुळे, ५०० वर पाच. नोट मळली की रेषा बोटाला लागत नाहीत, म्हणून केवळ रेषा शिकवणारे प्रशिक्षण मंडईत तोकडे पडते. चार मिलिमीटरचा फरक कळावा म्हणून पुठ्ठ्याचे माप खिशात ठेवायला शिकवतात. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ (MANI) हे मोफत अॅप २०२० पासून नोट ओळखून बोलते, त्याला इंटरनेट लागत नाही.

वाचनात सर्वाधिक पैसे भिंगावर वाया जातात. चष्म्याच्या दुकानातले ‘सर्वांत मोठे’ भिंग घेऊ नका. चांगल्या डोळ्याची नजर ६/६० असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरून दिसत असेल, तर ६० ला ६ ने भागून १० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) ही वर्तमानपत्राच्या अक्षरांसाठी चाचणीची सुरुवात, आणि १०० ला १० ने भागून १० सेंटिमीटर हे धरायचे अंतर. लोक सवयीने कागद हातभर लांब धरतात, अक्षर पुसट दिसते आणि भिंग कपाटात जाते. शक्ती जितकी जास्त, तितकी एका वेळी दिसणारी अक्षरे कमी. रेटिनायटिस पिगमेंटोजा (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) किंवा वाढलेल्या काचबिंदूत नजरेचा घेर आवळलेला असतो. तिथे जास्त शक्तीचे भिंग वाचन सुधारण्याऐवजी बिघडवते. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग गेलेल्या माणसाला बाजूच्या नजरेने पाहायला शिकवावे लागते आणि त्याला काही आठवड्यांचा सराव लागतो. भिंगाआधी दिवा पाहा. दिव्याचे अंतर निम्मे केले की कागदावर चौपट उजेड पडतो. दिवा चांगल्या डोळ्याच्या बाजूने, डोळ्यांवर झळ न येईल असा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी विशेष सूचना. पेनचे ‘क्लिक’ मोजून डोस ठरवायला कोणी शिकवत असेल तर थांबवा. पेनसोबतच्या माहितीपत्रकातच तसे करू नका असे लिहिलेले असते. डोस आणि टोचण्याची पद्धत डॉक्टर किंवा नर्सने ठरवायची. पेन ओळखणे, सामान एका जागी लावणे, बोलणारे ग्लुकोमीटर वापरणे एवढाच आमचा भाग.

दिव्यांग प्रमाणपत्राविषयी

प्रशिक्षणासाठी ते लागत नाही. सवलतींसाठी हवे असल्यास स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज करून सीपीआर रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्यानुसार चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी, किंवा नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असल्यास अंधत्व. ६/१८ ते ३/६०, किंवा घेर ४० ते १० अंश असल्यास अल्पदृष्टी. हे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून पैसे घेणाऱ्याशी आमचा संबंध नाही.

पहिल्या भेटीआधी

पहिली भेट साधारण दीड तासाची असते आणि ती मूल्यमापनाची असते. शेवटी दोन-तीन उद्दिष्टे लिहून देतो, उदाहरणार्थ ‘स्वतः चहा करणे’ किंवा ‘गोळ्या न चुकता घेणे’, आणि प्रत्येकाला किती भेटी लागतील याचा अंदाज. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी स्वतः उद्दिष्ट सांगावे, मुलाने किंवा सुनेने नाही. संपूर्ण शुल्क आगाऊ घेत नाही. प्रत्येक भेटीची नोंद तुमच्या वहीत होते आणि प्रशिक्षकाची सही असते.

डॉक्टरांचा सहा महिन्यांतला रिपोर्ट, फील्ड टेस्ट (नजरेच्या घेराची तपासणी) झाली असल्यास तिचा कागद, सध्याचा चष्मा, घरातली सगळी भिंगे (वापरात नसलेलीही) आणि रोजच्या औषधांच्या पट्ट्या काढून ठेवा. स्वयंपाकघर आवरू नका, रोज असते तसेच राहू द्या.