गाळाला खोली नको, तळ हवा

काळ्या रानातली मूठभर माती काचेच्या उंच बरणीत टाका, पाणी भरा, नीट ढवळा आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्या. रेती पहिल्याच मिनिटात तळाशी जाईल. संध्याकाळपर्यंत तिच्यावर मऊ गाळाचा थर बसेल. वरचं पाणी मात्र चौथ्या दिवशीही गढूळच दिसेल. जलशुद्धीकरण केंद्रातली निम्मी धडपड या वर उरलेल्या पाण्यासाठी असते.

बारीक कण पाण्यात किती वेगानं खाली जातो, याचं गणित जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलं. त्यातली मेख अशी, की हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी होतो. तीन मीटर खोल टाकी घेऊ. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण पाच-सहा मिनिटांत तळ गाठेल. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला नऊ तासांहून जास्त लागतील. आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? जवळपास ३८ दिवस, तेही पाणी पूर्ण निश्चल राहिलं तर. प्रत्यक्षात ते तसं राहत नाही. ऊन लागतं, वारा सुटतो, शिवाय इतक्या बारीक कणांना पाण्याचे रेणूच सतत ढकलत असतात. शहराला रोज पाणी हवं असतं. ३८ दिवस कोण थांबणार?

हे कण एकमेकांना चिकटले तर प्रश्न सुटेल. पण चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात. हा भार मारला की काय होतं, ते कोकणातल्या कुठल्याही खाडीत दिसतं. नदीचं गढूळ पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला भेटतं, मिठातले धनभारित आयन कणांचा भार झाकून टाकतात, कण एकत्र येतात आणि गाळ खाली बसतो. खाड्या गाळानं भरतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पिण्याच्या पाण्यात मीठ घालता येत नाही, म्हणून तुरटी. माठात फिरवायचा खडा आणि केंद्रात वापरतात तो ‘आलम’ ही सख्खी भावंडं. घरच्या तुरटीत पोटॅशियमही असतं, केंद्रातला आलम म्हणजे साधं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. हल्ली बऱ्याच ठिकाणी पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात, कामगारांच्या तोंडी ‘पीएसी’. काम तेच. अ‍ॅल्युमिनियमचा धनभार मातीचा ऋणभार मारतो. शिवाय पाण्यात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत पुंजके तयार होतात आणि वाटेत येईल तो कण स्वतःत गुंतवून घेतात. आपल्याकडे फार पूर्वीपासून निवळीच्या झाडाची बीही घड्याच्या आतून उगाळून पाणी निवळत आले आहेत. नावातच काम सांगणारी वनस्पती मला तरी दुसरी आठवत नाही.

आलम मिसळताना पाणी मिनिटभर जोरात घुसळावं लागतं, म्हणजे तो सगळीकडे पोचतो. त्यानंतर मात्र हात एकदम हलका करावा लागतो. साधारण अर्धा तास पाणी इतकंच हलवायचं, की कण एकमेकांवर आपटतील पण बांधले गेलेले पुंजके तुटणार नाहीत. या पुंजक्यांना केंद्रात ‘फ्लॉक’ म्हणतात. चांगला फ्लॉक साध्या डोळ्यांना दिसतो, भिजलेल्या कापसासारखा. त्यात पाणीच जास्त, म्हणून तो पाण्याहून जेमतेम जड असतो. पण आकारानं मोठा असल्यामुळे मिनिटाला काही सेंटिमीटर तरी खाली सरकतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांच्या केंद्रांत ती मोठी गोल टाकी दिसते, तिचं नाव क्लॅरिफ्लॉक्युलेटर. मधल्या भागात पाती संथ फिरतात. तिथून पाणी भिंतीखालून बाहेरच्या कड्यात येतं, हळूहळू वर चढतं आणि काठावरच्या दातेरी पट्टीवरून पन्हळीत पडतं. तळाशी एक लांब खरवडणी गाळ मधल्या खड्ड्याकडे ओढत राहते. पट्टीचे दाते सगळीकडे एकाच पातळीत असावे लागतात. एक बाजू थोडी जरी खचली, तरी सगळं पाणी तिकडून धावतं आणि फ्लॉकला सोबत घेऊन जातं.

या टाकीत पाणी वर चढतंय आणि फ्लॉक खाली पडतोय. पाण्याचा चढ फ्लॉकच्या उतरणीपेक्षा हळू असेल तरच गाळ बसेल. पाण्याच्या चढाचा वेग कशानं ठरतो? ताशी येणारं पाणी भागिले टाकीचं क्षेत्रफळ. या भागाकारात खोली कुठेच नाही! अ‍ॅलन हेझन या अमेरिकी अभियंत्यानं १९०४ मध्ये हे स्पष्ट मांडलं. खोल टाकीत पाणी जास्त वेळ थांबतं हे खरं, पण कणालाही तेवढंच जास्त खाली जावं लागतं. हिशेब जागच्या जागी राहतो. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडे अशा टाक्या साधारणपणे दर चौरस मीटरला दिवसाकाठी ३० ते ४० घनमीटर पाणी धरून आखतात. ३६ धरलं तर चढाचा वेग येतो मिनिटाला अडीच सेंटिमीटर. मुंबईच्या भांडुप संकुलातल्या जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला १९१० दशलक्ष लिटर आहे. इतकं पाणी याच वेगानं निवळायचं, तर नुसता पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ५३,००० चौरस मीटर, म्हणजे १३ एकर लागेल. मोठ्या शहरात तेवढी जागा काढायची कुठून?

क्षेत्रफळ हवं असेल तर टाकीत फळ्यांसारखे मजले घाला, असं हेझनच्या विचारातूनच निघतं. पण मजल्यांवर साचलेला गाळ काढणं महाकठीण. मजले तिरके केले की तो आपोआप घसरतो. १९२० मध्ये आर्थर बॉयकॉट या इंग्लिश डॉक्टरांना रक्ताच्या नळ्यांमध्ये हाच परिणाम दिसला होता. उभ्या नळीपेक्षा तिरक्या नळीत रक्तपेशी लवकर खाली बसत होत्या, कारण त्यांना नळीच्या बुडापर्यंत जावं लागत नव्हतं, खालच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पोचलं की झालं.

आज केंद्रांत मधाच्या पोळ्यासारखे प्लास्टिक नळ्यांचे जुडगे ६० अंशांत कलते बसवतात. पाच सेंटिमीटरच्या नळीत फ्लॉकला तीन मीटरऐवजी फार तर दहा सेंटिमीटर पडावं लागतं. चार मिनिटांचं काम. भिंतीवर जमलेला गाळ खाली घसरतो, पाणी वर जातं. ही कल्पना महाराष्ट्रातल्या लहान गावांपर्यंत आणण्याचं श्रेय जे. एन. कर्डिले या अभियंत्यांना द्यायला हवं. रामटेक, वरणगाव आणि चांदोरी इथे त्यांनी स्वस्त, साध्या केंद्रांचे प्रयोग केले. खडीच्या थरातून पाणी नेऊन फ्लॉक तयार करायचा, पीव्हीसी नळ्यांमध्ये तो बसवायचा आणि गाळणीत महागड्या अँथ्रासाइट कोळशाच्या जागी नारळाच्या करवंट्यांचा चुरा वापरायचा. इथल्या वस्तू, इथलं डोकं. अशा कामाची नोंद आपण फार कमी ठेवतो.

निवळलेलं पाणी नितळ दिसलं तरी ते लगेच पिऊ नये. फ्लॉकसोबत बरेच जिवाणूही खाली जातात, सगळे नाही. उरलेल्यांसाठी वाळूची गाळणी आणि क्लोरीन. पण क्लोरीनचं काम नीट व्हायचं तर आधी गढूळपणा गेलेला असावा लागतो, कारण मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचत नाही. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा, असं भारतीय मानक सांगतं; दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात.

खरी कसोटी पहिल्या पुराला. काल काचेसारखं असलेलं नदीचं पाणी रातोरात चिखल होऊन येतं आणि आलमची कालची मात्रा आज निरुपयोगी ठरते. मग प्रयोगशाळेत जार टेस्ट लागते. सहा भांड्यांत तेच पाणी, प्रत्येकात वाढती मात्रा, आधी जोरात आणि मग हळू फिरणारी पाती. पाती थांबवायची आणि बघत बसायचं, कुठल्या भांड्यात फ्लॉक आधी बसतो, कुठलं पाणी वरून स्वच्छ होतं. पावसाच्या पाण्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, कमी असते आणि आलम तर क्षारता खातो, म्हणून कधी चुनाही घालावा लागतो. ज्या भांड्यात सगळ्यांत कमी आलमनं पाणी निवळलं, ती मात्रा वहीत लिहायची आणि त्याप्रमाणे वरच्या आलमच्या टाकीची चावी फिरवायची. पाऊस चालूच असला तर काही तासांनी पुन्हा सहा भांडी.