ऑनलाइन बैठकीची वेळनिश्चिती (स्वयंसेवी गटांतील)

वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये राहणाऱ्या आणि विनामोबदला काम करणाऱ्या सदस्यांना एकाच क्षणी ऑनलाइन एकत्र येता यावे, यासाठी बैठकीची वेळ ठरवण्याची, कळवण्याची आणि वर्षभर निभावण्याची पद्धत. मुक्त सॉफ्टवेअर, विकिपीडियासारखे ज्ञानप्रकल्प व भाषांतराचे उपक्रम यांना तिची नित्य गरज पडते. पगारी नोकरीत अडचणीची वेळही कामाचा भाग म्हणून सोसली जाते. स्वयंसेवक मात्र नोकरी, शिक्षण व घर सांभाळून उरलेला वेळ देतो, आणि वेळ सतत गैरसोयीची होऊ लागली की तक्रार न करता येणेच थांबवतो.

जागतिक प्रमाणवेळ म्हणजे यूटीसी हा या आखणीचा आधार होय. 1884 साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ मानले, तेव्हापासून जगाची घड्याळे त्याच्या संदर्भाने मोजण्याची रीत रुळत गेली. सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात : भारत साडेपाच तास, तर नेपाळ पावणेसहा तास पुढे आहे. जानेवारीतील एखाद्या गुरुवारी यूटीसीनुसार दुपारी 3 वाजता बैठक ठेवली, तर सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे 7, न्यूयॉर्कमध्ये 10, भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. टोकियोत मध्यरात्र होऊन शुक्रवार लागतो आणि सिडनीत शुक्रवारच्या पहाटेचे 2 वाजतात. त्यामुळे निमंत्रणात तासाइतकाच वारही महत्त्वाचा ठरतो.

खरा घोळ उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळे पुढे करण्याच्या पद्धतीमुळे होतो. अमेरिकेच्या बहुतेक भागांत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपीय संघ व ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या सकाळी 10 शी बांधलेली बैठक लंडनमध्ये नेहमीच्या 3 ऐवजी दुपारी 2 वाजताच सुरू होते. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने न्यूयॉर्क आणि सिडनी यांतील अंतर वर्षाच्या काही भागात 16, तर काही भागात 14 तास असते. भारत, जपान व चीन घड्याळे हलवत नाहीत, तरीही ज्या शहराच्या वेळेला बैठक बांधली आहे तेथील घड्याळ हलले की या देशांतील सदस्यांची वेळ सरकतेच. म्हणून बैठक यूटीसीला बांधलेली आहे की एखाद्या शहराच्या स्थानिक वेळेला, हे आरंभीच जाहीर करणे आवश्यक ठरते; दोन्ही पद्धती चालतात, संदिग्धता चालत नाही.

‘आयएसटी’सारखी संक्षिप्त रूपे टाळावीत, कारण तीच अक्षरे भारत, आयर्लंड आणि इस्राएल या तिन्ही देशांत वापरली जातात. शहराचे नाव देऊन कॅलेंडरमध्ये नोंदवलेली बैठक टाइम झोनच्या सामायिक माहितीसंचानुसार आपोआप जुळवली जाते. मात्र सरकारने ऐनवेळी नियम बदलल्यास हा संचही मागे पडतो : मार्च 2023 मध्ये लेबनॉनने उन्हाळी वेळ अखेरच्या क्षणी पुढे ढकलली व काही दिवसांतच तो निर्णय फिरवला, तेव्हा एकाच देशात दोन वेगवेगळ्या वेळा पाळल्या जात होत्या.

वेळ निवडताना मतचाचणी घेण्याचा प्रघात आहे, पण बहुमताचा कौल ज्या खंडात सदस्य अधिक, त्याच्याच बाजूने जातो आणि अल्पसंख्य सदस्य कायमचे मध्यरात्रीला बांधले जातात. त्यापेक्षा दोन वेळा आलटून-पालटून ठेवणे अधिक न्याय्य. त्याची किंमतही असते : दर वेळी उपस्थितांचा गट बदलल्याने मागील चर्चा पुन्हा सांगावी लागते, आणि इतिवृत्त नीट लिहिले नसेल तर तोच विषय दोनदा निकाली निघतो. साप्ताहिक सुट्टीही सर्वत्र एक नसते; अनेक देशांत ती शुक्रवारी असते.

बैठकीचे चित्रमुद्रण ठेवल्याने गैरहजर सदस्याला काय ठरले ते कळते, ठरवण्यात भाग मात्र घेता येत नाही. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान 72 तास खुले ठेवण्याची प्रथा आहे, जेणेकरून कोणत्याही टाइम झोनमधील स्वयंसेवकाला आपल्या सोयीच्या वेळी लेखी मत देता यावे. अशी सोय असलेल्या गटांत बैठक चर्चेपुरती राहते आणि तिची वेळ थोडी चुकली तरी कोणाचे मत हुकत नाही.